सी/ओ यूनुस हमदुले

नऊ हजार आकड्यांच्या यादीत तो आकडा कुठेतरी मधे दडून बसला होता, तरी यूनुस हमदुलेला तो दिसला. शून्य एक चार सहा तीन एक. छप्पन्नाव्या वर्षी माणसांची नावं त्याच्या ओठावर येऊन परत जायला लागली होती. काल चष्मा कपाळावर चढवून तो तासभर चष्माच शोधत होता. पण रियाधच्या इस्पितळातल्या रेकॉर्ड रूममध्ये सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाच्या डोक्यातून फाईलचा नंबर जात नाही. संगणकापाशी हम्माद बसला होता. तो यादी भराभर वर सरकवत होता आणि सरकवता सरकवता सांगत होता की दहा वर्षांत ज्यांना कुणी हात लावला नाही त्या सगळ्या फाइली आज जाणार, तळघर रिकामं करायचं आहे, गाडी तीन वाजता येते, कागद तिथल्या तिथे कातरून नेतात, फार छान यंत्र आहे. यूनुसने त्याला थांबायला सांगितलं नाही. त्याने नुसता चहाचा पेला खाली ठेवला. घड्याळात सव्वादहा झाले होते.

हम्माद म्हणजे चोवीस वर्षांचा, पांढऱ्याशुभ्र पायघोळ तोबमधला, अत्तराचा वास मागे ठेवून फिरणारा मुलगा. रेकॉर्डच्या कामाचा डिप्लोमा घेऊन आलेला. ही जागा आता देशातल्या माणसाला द्यायची असं वरून ठरलं होतं, आणि देशातला माणूस म्हणजे हा. यूनुसला चार महिन्यांपूर्वी कागद मिळाला तेव्हा त्यात दोन गोष्टी होत्या: तुमची सेवा संपते, आणि संपेपर्यंत तुम्ही यांना शिकवा. आपल्याच हाताने आपली खुर्ची पुसून द्यायची! पहिला आठवडा यूनुसने त्याच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. पण पोरगं वाईट निघालं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते त्याला काकाला म्हणावं तसं ‘या अम्म’ म्हणायला लागलं, घरून खजूर आणायला लागलं, आणि एकदा हळूच म्हणालं, “तुमची जागा मी मागितली नव्हती, अल्लाची शपथ.” त्यावर राग धरून बसायला फार मोठं काळीज लागतं, तेवढं यूनुसकडे नव्हतं. आता अकरा दिवस उरले होते. कायमचा देश सोडण्याचा, फायनल एक्झिटचा शिक्का झाला होता, मुंबईचं तिकीट आलं होतं, आणि गावी रईसा, त्याची बायको, भिंतींना चुना देऊन घेत होती. इथली कुटुंबांवरची फी वाढली तेव्हा गेल्या वर्षीच तिला पाठवून द्यावं लागलं होतं. ती परवा फोनवर म्हणाली होती, “जाफरभाईंनी आपल्या विहिरीचा पंप बसवून दिला. म्हणाले, यूनुस आल्यावर त्याला पाणी ओढायला लागू नये.” तेव्हापासून यूनुसला नीट जेवण गेलं नव्हतं. आणि आज हा आकडा दिसला, तो त्याच जाफरच्या, बालमित्राच्या फाईलचा.

“आणि हे राहिलं,” हम्माद म्हणाला. त्याने यूनुसची जुनी वही पुढे ओढली. काळ्या पुठ्ठ्याची ती वही म्हणजे यूनुसची एकट्याची कमाई होती. डॉक्टर लोक फाईलमध्ये जी तुटकी अक्षरं लिहितात ती सगळी त्याने त्यात वर्षानुवर्षं टिपून ठेवली होती, कारण एका डॉक्टरची दोन अक्षरं दुसऱ्याला भलतीच वाटतात आणि मधल्या मधे रोगी मरतो. आता तपासणीची कमिटी येणार होती आणि तिचा नियम कडक होता: एका संक्षेपाला एकच अर्थ, बाकीचे खोडा. हम्मादने सी अक्षराचं पान उघडलं. “सी, ओ. याला तुम्ही सात अर्थ लिहिलेत. मी कुठला ठेवू?” यूनुसने पान आपल्याकडे फिरवलं. त्याचंच अक्षर होतं, पण सात वेगवेगळ्या शायांत, सात वेगवेगळ्या वर्षांतलं. पहिला अर्थ सगळ्यांना ठाऊक असलेला. कम्प्लेन्स ऑफ, म्हणजे रोग्याचं गाऱ्हाणं काय. फाईलचं पहिलं पान त्यानेच सुरू होतं, तक्रार छातीत दुखण्याची, तक्रार झोप न येण्याची. दुसरा हृदयाच्या डॉक्टरांचा. हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं त्याचं माप. तिसरा अर्थ कॅन्सरच्या विभागातला, कोबाल्टचं जुनं यंत्र, जे कधीच भंगारात गेलं. चौथा स्टोअरमधला: परदेशातून खोकं आलं की त्यासोबत माल मूळचा कुठला याचा दाखला लागतो, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. तो दाखला नसेल तर बंदरावर माल अडकतो. यूनुस गमतीने म्हणायचा, आपणही अडकलोय, आपला दाखला पाजखोलचा, मु. पो. पाजखोल, ता. दापोली. पाचवा गेटवरच्या निवृत्त फौजी सुरक्षा अधिकाऱ्याचा, कमांडिंग ऑफिसर. तो शब्द यूनुसला दापोलीच्या कॉलेजातल्या एन.सी.सी.पासून माहीत होता, तिथे सी.ओ. साहेब आले की उसने घेतलेले बूट चावायचे. सहावा कोळशाच्या धुराचा, कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा. तो लिहिताना शाई पसरली होती. आणि सातवा, सगळ्यात खाली, कुणी न विचारता लिहिलेला. केअर ऑफ.

“हा हॉस्पिटलचा नाही,” हम्माद सातव्यावर बोट ठेवून म्हणाला. “हा पोस्टाचा आहे ना? हा इथे कशाला?” यूनुस म्हणाला, “जेवणानंतर सांगतो कुठला ठेवायचा ते.” आणि तळघराची किल्ली घेऊन उठला.

हा अर्थ इथे कशाला, हे हम्मादला कळणार कसं? त्याच्या जन्माच्या आगेमागे या शहरात परदेशी मजुराला पत्ताच नसे. वाळवंटातल्या कॅम्पला ना गल्ली ना नंबर, आणि पोस्टमन दारोदार फिरण्याची इथे पद्धतच नव्हती. पत्र यायचं ते पोस्टाच्या पेटीत, आणि पेटी असायची कंपनीची नाहीतर इस्पितळाची. पाजखोल आणि आजूबाजूच्या चार गावांतली चाळीसेक माणसं रियाधभोवती पसरलेली, कुणी गवंडी, कुणी ड्रायव्हर, कुणी बागेत पाणी मारणारा. त्यांच्यात पेटीवाल्या जागी खुर्चीवर बसणारा असा यूनुस एकटा. म्हणून सगळ्यांचा पत्ता एकच झाला. वर त्या माणसाचं नाव, खाली सी, मग तिरपी काडी, मग ओ, यूनुस हमदुले, मेडिकल रेकॉर्ड्स. गावात इंग्रजी न येणाऱ्या बायकासुद्धा ती काडी चित्र काढावं तशी जपून काढायच्या. शनिवारी टपालाच्या खोलीतून गठ्ठा यायचा, तो यूनुस आठवडाभर कपाटात ठेवायचा, आणि शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की बथाच्या बाजारात एका मल्याळी माणसाच्या चहाच्या दुकानापाशी सगळे जमायचे. यूनुस नाव पुकारायचा. ज्याचं पत्र नसेल तो उगाच हसायचा, बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचा. तेव्हा यूनुस तिशीतला होता आणि त्या शुक्रवारी त्याला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. खोटं कशाला बोला? फार वाटायचं.

त्यातच एक रीत पडली. कुणी बसवली नाही, आपोआप पडली. गावाकडची वाईट बातमी सरळ त्या माणसाला लिहायची नाही. पत्र यूनुसच्या नावाने यायचं, आणि पाकिटात आत आणखी एक चिकटवलेलं पाकीट असायचं. वरच्या पत्रात लिहिलेलं असायचं, यूनुसभाई, आतलं पत्र वेळ बघून द्या. फोन असायचा, नाही असं नाही. पण महिन्यातून एकदा बूथवर रांग लावून केलेल्या फोनवर सगळे खैरियतच सांगायचे, रडायला फोन लावायचा नाही असा कायदाच होता. तेव्हा वेळ बघायचं काम यूनुसचं. ही वेळ म्हणजे काय, हे मात्र त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पहिलं आतलं पत्र आलं ते यासीनचं. बाप गेल्याचं. यूनुसने शुक्रवारची वाट बघितली नाही, त्याच दिवशी इस्पितळाच्या ड्रायव्हरला गाठून कॅम्पवर गेला, यासीनच्या हातात पत्र दिलं, पाठीवर हात फिरवला आणि परत आला. केवढं कर्तव्य केलं! थंडीचे दिवस होते. यासीनला माणसं नको होती. तो सामानाच्या खोलीत जाऊन दार लावून बसला, थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी आत घेतली. सकाळी दार फोडावं लागलं. त्याला आणलं ते याच इस्पितळात, आणि फाईल करायला बसला यूनुसच. डॉक्टरने मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात नुसती दोन अक्षरं लिहिली होती, सी आणि ओ. मधे काडी नव्हती. यूनुसने ती वहीत उतरवून घेतली, सहावा अर्थ. दफनाआधी यासीनच्या अंगावर पाणी घालताना दुसऱ्या बाजूला जाफर होता. मयत उचलून झाल्यावर यूनुस जाफरला म्हणाला होता, “मी घाई केली रे. आता कुणाचं वाईट पत्र मी आठ दिवस तरी धरून ठेवीन.” जाफरने यूनुसच्या ओल्या बाह्या पिळून दिल्या.

तळघराच्या पायऱ्या उतरताना यूनुसला आपले गुडघे ऐकू येत होते. खाली नळीचे दिवे एकेक करून पेटले. फाइलींचा वास म्हणजे जुन्या पुठ्ठ्याचा आणि डिंकाचा, त्यात त्याचं तारुण्य कुठेतरी मिसळलेलं. जाफर बुरोंडकर. पाजखोलच्या खालच्या मोहल्ल्यातला, शाळेत एका बाकावर बसणारा, यूनुसच्या मागोमाग दोन वर्षांनी इथे आलेला. बांधकामावर मनगट मोडून घेतलं तेव्हा यूनुसनेच त्याला इस्पितळात आणून फाईल केली, म्हणून तो नंबर तोंडपाठ. यासीन गेल्याला वर्ष झालं असेल नसेल, शहाण्णवच्या जानेवारीत हफीजाचं पत्र आलं. हफीजा म्हणजे जाफरची धाकटी बहीण, सातवीपर्यंत शिकलेली. वर बिस्मिल्लाचे आकडे ७८६, शेजारी तारीख, आणि खाली तिचं गोल अक्षर. यूनुसभाई, आईचं दुखणं वाढलंय, डॉक्टर म्हणतात पोटात गाठ आहे, आता दिवसांचं काम. आई सांगत गेली तसं मी जाफरला पत्र लिहिलंय, ते आत आहे, तुम्ही बघून द्या. यूनुसने बघितलं. रमजान तोंडावर आला होता. जाफरचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा इकामा, राहण्याचा परवाना, तो मालक, भलता तापट. त्याने ईदनंतरची सुट्टी कबूल केली होती, पण आधी मागितली तर सगळंच नाही म्हणेल अशातला. आणि जाफरही काही कमी नव्हता. आईचं कळलं असतं तर काम टाकून निघाला असता, भांडला असता, पळाला असता, कुठल्या कोठडीत जाऊन बसला असता कोण जाणे. यूनुसच्या डोळ्यांपुढे सामानाच्या खोलीचं ते दार. पाच आठवडे तर आहेत, त्याने स्वतःला सांगितलं. आई पाच आठवडे काढील. पाच आठवड्यांत असं काय आभाळ कोसळतं!

एवढ्यावर थांबता तर माणूस स्वतःला माफ करू शकला असता. यासीनचं कारण होतं, ते खरं होतं. पण वीस दिवसांनी हफीजाचं दुसरं पत्र आलं, एवढीशी चिठ्ठी. आई रोज विचारते, जाफरला कळलं का. यूनुस ती चिठ्ठी घेऊन याच रेकॉर्ड रूममध्ये बसला होता, रोजा होता, तोंड सुकलेलं, आणि त्याने इस्पितळाच्या कागदावर उत्तर लिहिलं. जाफरला पत्र दिलं. त्याने वाचलं. ईदनंतर निघतो, आईला सांग धीर धर. लिहिताना त्याचा हात अडखळला नाही. मरणाऱ्या बाईला बरं वाटावं म्हणून लिहिलं, असं तो पुढे किती वर्षं स्वतःला सांगत आला! पण लिहिताना तसं काही मनात नव्हतं. आपण अजून दिलं नाही हे हफीजाला कळू नये, एवढंच मनात होतं. आपलं नाव जपलं, दुसरं काही नाही. ईदच्या दोन दिवस आधी आई गेल्याची तार आली. ती मात्र यूनुसने पाच माणसं सोबत घेऊन, दुपारी, नमाजेनंतर जाफरला दिली. इतकी वेळ बघून दिली की बघणारे म्हणाले, वा, यूनुसभाईसारखा माणूस नाही. तापट कफीलने जाफरच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिसऱ्या दिवशी कागद करून दिले. म्हणजे आधीही दिले असते कदाचित. जाफर गावी पोचला तेव्हा कबरीवरची माती वाळली होती.

दोन महिन्यांनी तो परत आला. शुक्रवारी बथात भेटला, यूनुसला मिठी मारली, म्हणाला, “मातीला नाय पोचलो रे.” एवढंच. यूनुस त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. गावात हफीजाने सांगितलं असेल का? सांगितलं असेल तर हा बोलत का नाही? आठवडे गेले, वर्षं गेली, जाफर बोलला नाही. त्याची पत्रं तशीच येत राहिली, सी/ओ यूनुस हमदुले, आणि तो ती तसाच हात पुढे करून घेत राहिला. मग यूनुस सोयीस्करपणे समजून चालला की विषय निघालाच नाही. दुःखाच्या घरात कोण कुणाला काय विचारतं? जाफर व्हॅन चालवून भाजी पोचवायचा, पुढे ते कामही इथल्या माणसांसाठी राखीव झालं आणि दोन हजार चारच्या साली तो कायमचा गावी गेला, पिठाची गिरण टाकली. सुट्टीत गेलं की भेट व्हायची. रईसा एकदा सहज बोलली होती, हफीजा भावाशी बोलत नाही, त्याच्या पोरीच्या निकाहालाही आली नाही, आणि खालच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या जाफर मशिदीतून बाहेर पडला की पदर ओढून म्हणतात, हाच तो, आई हाक मारत गेली तरी न आलेला. यूनुसने तेव्हा कूस बदलली होती आणि म्हटलं होतं, जमिनीचा वाद असेल. इतकं सगळं सरळ समोर पडलेलं असताना माणूस ते न बघता बावीस वर्षं काढू शकतो. डोळे मिटावेसुद्धा लागत नाहीत.

फाईल मागच्या रांगेत खालच्या कप्प्यात होती. यूनुस मांडी घालून फरशीवर बसला. पहिल्या पानावर मनगटाचा एक्स-रे केल्याची नोंद, वर कुणा सुदानी डॉक्टरचं अक्षर: सी/ओ उजव्या मनगटात दुखतं, तीन दिवस. जाफरची इथे नोंदलेली तक्रार ही एवढीच. आणि मागच्या पुठ्ठ्याच्या खिशात पाकीट. मनगट दाखवायला येईल तेव्हा देऊ म्हणून यूनुसने ते तिथे ठेवलं होतं, ज्याचं त्याच्या फाईलमध्ये, शिस्तीत. मग आई गेली, आणि आता द्यायचं तर आतल्या कागदावरही ७८६ शेजारी तारीख असणारच, तिने सगळा उशीर उघडा पडला असता. फाडायला हात झाला नाही. पाकिटाचा कागद पिवळा पडला होता, पण डिंक सुटला नव्हता. वर हफीजाचं अक्षर, अर्धं मराठी अर्धं इंग्रजी. जाफर. त्याखाली सी, जपून काढलेली काडी, ओ, यूनुसभाई. केअर ऑफ म्हणजे ज्याच्या जिवावर सोडलं तो, हे तिला कॉलेजात जाऊन शिकावं लागलं नव्हतं. यूनुस तिथे फरशीवर बसून रडला. मोठ्याने नाही, पण तोंडावर हात दाबून, सर्दी झालेल्या पोरासारखा नाक ओढत रडला. वर कुठेतरी लिफ्ट चालू झाली, थांबली. तीन वाजता गाडी येणार. पाकीट इथेच ठेवलं तर एका यंत्राच्या तोंडातून निघून जाईल, कुणाला कळणार नाही, आणि अकरा दिवसांनी तो जाफरने बसवलेल्या पंपाचं पाणी पीत राहील, मरेपर्यंत. हा विचारही त्याच्या मनात येऊन गेला. आला नाही असं म्हणणं खोटं होईल.

दुपारच्या नमाजेची, जुहरची बांग झाली. त्याने नमाज पढली आणि इस्पितळाच्या मागच्या बाजूला गेला, जिथे मेट्रोचे उंच खांब उभे होते आणि त्यांच्या सावलीत मजूर डबे उघडून बसले होते. एका खांबाला टेकून त्याने फोन लावला. पलीकडे आधी गिरणीची घरघर आली, मग जाफरचा मोठा आवाज, “कोण, यूनुस? अरे, कधी येतंस?” यूनुस म्हणाला, “गिरण बंद कर जरा. बोलायचं हाय.” घरघर हळूहळू उतरत गेली, पट्टा फटफटत थांबला. मग तिकडे कोंबडा आरवल्याचं ऐकू आलं, भर दुपारी. यूनुसने सगळं सांगितलं. सांगायचं ठरवलेल्या क्रमाने नाही, उलटसुलट, आधी तळघर, मग यंत्र, मग आई. हफीजाला काय उत्तर लिहिलं ते सगळ्यात शेवटी. जाफरने मधे एकदाही हूं केलं नाही. फोन तुटला की काय म्हणून यूनुसने विचारलं, “हायस ना?”

“हाय,” जाफर म्हणाला. मग म्हणाला, “मना ठावं हाय, यूनुस.”

“कधीपासून?”

“घरात पाय टाकला तवापासून. हफीजा उंबऱ्यातच उभी व्हती. म्हणाली, पत्र मिळून पण आला नायस? यूनुसभाईंनी लिवलं व्हतं, तुला दिलं म्हणून.”

“मग तू काय सांगितलंस तिला?”

“म्हटलं, मिळालं. सुट्टी नाय मिळाली.”

यूनुसने खांबावर हात टेकला. सिमेंट तापलं होतं. “का रे? का म्हटलंस असं?”

“चाळीस माणसांची पत्रं तुझ्या नावानं येत व्हती,” जाफर म्हणाला. तो रागावलेला नव्हता. पिठाचा भाव सांगावा तसं सांगत होता. “त्या घरात तवा सगळा गाव बसला व्हता. मी तिथं बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी एकानं पण तुझ्या नावावर पत्र टाकलं नसतं. मग ती माणसं कुठं गेली असती? वाळूत? आणि यासीनला पाणी घालायला मी पण व्हतो ना. तू तवा काय बोललास ते मी ऐकलंय.” त्याने हातावरचं पीठ झटकल्याचं ऐकू आलं. “पहिली दोन-तीन वर्षं वाटायचं, या शुक्रवारी तू सांगशील. सुट्टीत आलास की वाटायचं, आता सांगशील. मग वाटायचं बंद झालं. एकच गोष्ट मात्र डाचत राहिली बघ. आईनं सांगून लिवलेलं ते. काय लिवलं व्हतं, ते हफीजाला इचारता पण येईना. मिळालं म्हणून बसलो व्हतो ना! वाचलेलं पत्र कोण इचारतो?”

यूनुसला वाटलं आपण माफी मागावी, पण एवढ्यासाठी तो शब्द फार लहान होता. शेजारी एक नेपाळी मजूर डब्यातला भात निपटून खात होता आणि मधूनच त्याच्याकडे बघत होता.

“ते पाकीट हाय अजून?” जाफरने विचारलं.

“हाय. खिशात हाय.”

“फोडलंस?”

“नाय. तुझं हाय ते.”

“मग डाकेत नको टाकू. हातानं आण. आणि मना नको देऊ, यूनुस. आपण हफीजाकडं जाऊ. ती घरात घेते की नाय बघू. तिनं लिवलंय, तीच फोडू दे, तीच वाचू दे. चिकटवलेलं बघितलं की तिला काय ते कळंल, मी सांगायला नको.” मग म्हणाला, “तू पुढ्यात बसायचंस. शेवटपर्यंत. उठून जायचं नाय.”

“बसंन,” यूनुस म्हणाला.

“ठेवतो. दळण खोळंबलंय,” जाफर म्हणाला, आणि फोन बंद व्हायच्या आधी गिरणीचा पट्टा पुन्हा फटफटताना ऐकू आला.

यूनुस परत वर आला तेव्हा हम्माद जेवून आला होता. त्याने एका डब्यात यूनुससाठी कब्सा, इथला मटणभात, आणला होता, तो त्याच्यापुढे सरकवला. यूनुसने बगलेतली फाईल टेबलावर ठेवली. हम्मादने नंबर बघितला, यादीत खूण केली आणि ती गाडीच्या ढिगावर टाकली. “खलास?” त्याने विचारलं. “खलास,” यूनुस म्हणाला. मग त्याने स्वतःच वही ओढली, सी अक्षराचं पान काढलं, पट्टी घेतली आणि दुसऱ्यापासून सातव्यापर्यंत एकेक ओळ सरळ रेघ मारून खोडली. सहाव्यापाशी तो जरा थांबला, मग तीही खोडली. वर फक्त रोग्याचं गाऱ्हाणं उरलं. हम्माद मान वाकडी करून बघत होता. सातव्या ओळीकडे बोट करून त्याने विचारलं, “हा तुम्ही कशासाठी लिहिला होता, ते सांगणार होतात.” यूनुस म्हणाला, “आमच्या गावची माणसं माझ्या भरवशावर पत्रं पाठवायची. त्यातलं एक पोचवायचं राहिलंय.” हम्मादला वाटलं, म्हातारा काहीतरी जुनं आठवतोय. त्याने आदराने मान हलवली आणि पुढचं पान उलटलं.

तीन वाजता खाली गाडी आली आणि यंत्र सुरू झालं. त्याचा आवाज पार वरच्या मजल्यापर्यंत येत होता, गिरणीसारखा. यूनुस डबा उघडून बसला, पण घास उचलला नाही. पासपोर्टच्या पाकिटात, तिकिटाच्या मागे, त्याने ते पत्र सरळ उभं घातलं, दुमडणार नाही असं. अजून अकरा दिवस होते. पूर्वी दापोलीहून रियाधला पत्र यायला एवढेच दिवस लागत.